'मीमॉ' म्हणजे भोंगा नव्हे

मंगळवार, १२ ऑक्टोबर १९८२

लंडनच्या साप्ताहिकात छापलंय की माझ्या नातीच्या, आमच्या लॉर्नाच्या, तबकडीचं नाव म्हणजे अँब्युलन्सचा भोंगा, आणि आत जे वाजतं तेही तसंच. एकवीस ओळी. लिहिणाऱ्याचं नाव खाली बारीक अक्षरात आहे. तेवढी लाज त्याला आहे म्हणायची.

असो. नमस्कार. ही वही कानाच्या दवाखान्यातल्या बाईने दिली. रोज काय ऐकू आलं आणि काय नाही ते लिहायचं म्हणते. मला हवं ते सगळं ऐकू येतं. लोक हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात, त्याला मी काय करू? पण वही कोरी परत दिली तर तिला वाटायचं म्हातारीला लिहिता येत नाही. येतं. शाळा मी बारा वर्षांची होईपर्यंत पूर्ण केली आणि त्यापुढे अर्धी. एक आठवडा सकाळी गिरणी, दुपारी शाळा. पुढच्या आठवड्यात उलट. शाळेच्या पाळीत आम्ही बाकावर डोकं टेकून झोपायचो, आणि मास्तरीणबाई भल्या होत्या, झोपू द्यायच्या. आमच्यासारख्यांना हाफटायमर म्हणायचे. लॉर्नाने आणि तिच्या दोघा साथीदारांनी बँडचं नाव तेच ठेवलंय. मला विचारलं नाही.

तबकडीचं नावही माझंच उचललंय. 'मीमॉ'. आता त्या लंडनच्या पोरासाठी लिहून ठेवते, वाचणार नाही तरी. चारशे माग एका छपराखाली चालू असले की बोललेलं ओठांपाशीच मरतं. मग आवाज काढायचाच नाही. ओठ मोठे मोठे हलवायचे, समोरच्या रांगेतली बाई ते वाचते आणि तशीच उत्तर देते. कुणाची सून कशी, जॉबर मुकादम कुणाच्या मागे लागलाय, सगळं असंच चालायचं. आमच्या बर्नलीत याला मीमॉ म्हणतात. भोंगा गिरणीच्या माथ्यावर असायचा आणि तो माणसाला बोलावण्यासाठी असायचा, बोलण्यासाठी नाही.

त्या पोराचं दुसरं म्हणणं, तिसऱ्या गाण्यात बेस लंगडतो. लंगडतो हे खरं आहे. बेस म्हणजे ती चार जाड तारांची गिटार, लॉर्ना वाजवते ती. मीही तिला म्हटलं होतं, सात ठोके नीट घेतेस आणि आठवा गिळतेस, दुरुस्त कर. ती नुसती हसली. माझा चार नंबरचा माग अगदी असाच होता. सात टाकायचा, आठवा गिळायचा. मी घरी आल्यावरही बोटांनी टेबलावर त्याच्याशी भांडत बसायची, लॉर्ना तेव्हा तान्ही, माझ्या मांडीवर. कापड मात्र त्या मागाने कधी खराब दिलं नाही. पोरीला ही खोड कुठून लागली कोण जाणे.

आज ऐकू आलं: बेस, सगळा. लॉर्ना घरी सराव करते तेव्हा गालिचा गुंडाळून तो स्पीकरचा पेटारा उघड्या फळ्यांवर ठेवते, नेमका माझ्या खुर्चीला लागून. वर तिची आख्खी खोली मोकळी आहे. गालिच्याला घड्या पडतात म्हणून मी बोलते, तर ऐकत नाही. तबकडी लावली की मी पाय फळ्यांवर आणि हात प्लेअरच्या कपाटावर ठेवून बसते, सुरुवातीपासून शेवटपर्यंत.

ऐकू नाही आलं: तिच्या बँडमधल्या क्लाइव्हचं गाणं. त्याने काही अडत नाही.

बुधवार, १३

बाजारातल्या रेकॉर्डच्या दुकानात गेले. 'मीमॉ' कुठे आहे विचारलं तर काउंटरवरच्या पोरीने लहान मुलांच्या बडबडगीतांच्या खोक्याकडे बोट दाखवलं.

"तिथे का?"

"नाव वाचून वाटलं बाळांसाठी आहे."

"तुझी आजी कुठे कामाला होती?"

"गिरणीत."

"आहे अजून?"

"आहे की."

"मग आज घरी जाऊन तिला विचार मीमॉ म्हणजे काय. आणि ती जे सांगेल ते मालकाला सांग."

तीन तबकड्या होत्या. तिन्ही उचलून दर्शनी खिडकीत लावल्या. तिथे डोळ्यांत काजळ घातलेल्या एका माणसाचा पुठ्ठा उभा होता, त्याला जिन्याखाली नेऊन ठेवला. पोर म्हणाली, मालक रागावतील. म्हटलं, पत्ता लिहून घे माझा, पाठव त्यांना.

शुक्रवार, १५

हे नीट लिहायला हवं.

लॉर्ना डबा विसरून गेली. बँडचा सराव चॅपेलच्या रविवारच्या शाळेत चालतो, म्हणून दुपारी मी डबा घेऊन निघाले. समोरच्या चहाच्या दुकानात, खिडकीशी, क्लाइव्ह बसलेला. क्लाइव्ह गातो आणि गिटार वाजवतो. देखणा आहे, आणि ते त्याला लहानपणीच कुणीतरी सांगून ठेवलंय. त्याच्यासमोर मिस्टर ॲस्टन. हे मँचेस्टरच्या रेकॉर्ड कंपनीचे, ज्यांनी तबकडी काढली. उन्हाळ्यात आमच्या घरी येऊन व्हिनेगर घातलेली थंड वजडी पाहून ज्यांचा चेहरा पांढरा झाला होता, तेच.

मी रस्त्याच्या या बाजूला, बस थांब्यावर. मधे काच. काच मधे असली म्हणजे आपण घरात आहोत असं माणसांना वाटतं.

ॲस्टन म्हणाले, "बेस जाणार."

क्लाइव्ह चहात साखर ढवळत राहिला.

"लीड्सचा मुलगा तयार आहे. सगळं नव्याने करायचं. तिला आत्ता सांगू नकोस. पुढचा शनिवार होऊन जाऊ दे."

क्लाइव्ह म्हणाला, "ठीक."

मग एक बस आडवी आली. गेली तेव्हा ते उठले होते.

पुढच्या शनिवारी, तेवीसला, खाणकामगारांच्या क्लबात यांचा कार्यक्रम आहे. म्हणजे तोवर तिच्याकडून वाजवून घ्यायचं आणि मग हाकलायचं.

जेवताना लॉर्नाला सांगितलं. तिने काटा खाली ठेवला.

"आजी, तू चोरून ऐकलंस?"

"ऐकलं नाही. पाहिलं."

"क्लाइव्ह आणि मी पाच वर्षं एकत्र वाजवतोय."

"पाच वर्षं साखर ढवळत होता तो."

"मी त्यालाच विचारते."

"चोराला विचारून कुलूप लावतात होय?"

ती वर गेली. डबा परत घरीच आला होता, तो मीच खाल्ला.

शनिवार, १६

क्लाइव्ह सकाळी आला, केक घेऊन. पायरी नुकतीच घासली होती, तिच्यावर पाय देऊन आत.

"आजी, तुमचा गैरसमज झाला. ते 'बेस' नाही म्हणाले. 'पेस' म्हणाले. गाण्यांचा पेस, वेग, तो बदलायचाय."

"आणि लीड्सचा मुलगा?"

"ध्वनिमुद्रण करणारा. हुशार आहे."

"आणि 'तिला सांगू नकोस'?"

"माझ्या आईला. मी नोकरी सोडतोय, तिला अजून माहीत नाही."

एकेक उत्तर धुऊन इस्त्री करून आणलेलं. लॉर्ना भिंतीला टेकून उभी होती, तिच्या खांद्यांवरचं ओझं उतरताना मला दिसलं. तो गेल्यावर म्हणाली, "आजी, तुझे डोळेही आता चौऱ्याहत्तर वर्षांचे झाले गं."

हे ऐकू आलं. तिची पाठ माझ्याकडे नव्हती.

केक मी खाल्ला नाही. लॉर्नाने खाल्ला.

रविवार, १७

चॅपेलनंतर एडा आली. एडा सेगर आणि मी एका रांगेत बत्तीस वर्षं माग चालवले. तिला अंगणाच्या त्या टोकाला, कपड्यांच्या दोरीखाली उभी केली आणि म्हटलं, आवाज न काढता शब्द बोल. बार, मार, पार, पाल, माल, असले.

प, ब, म. तिन्हींना ओठ सारखेच मिटतात. दहातले चार चुकले.

"अगं, गिरणीत कधी चुकायचो आपण?" एडा म्हणाली. "तिथे मागचंपुढचं माहीत असायचं."

हेच तर. मागचंपुढचं. ते मी काचेतून आपलं आपणच लावलं असेल. क्लाइव्ह मला पहिल्या दिवसापासून आवडत नाही, हे लपवायचं कारण नाही. माणूस आवडत नसला की त्याच्या ओठांवर आपण आपलेच शब्द वाचतो. असं झालं असेल का? असेल. पोरीची पाच वर्षांची जोडी एका 'ब'वरून मोडली असती मी.

तरी क्लाइव्हची माफी मागणार नाही. पायरीवर पाय दिला त्याने.

मंगळवार, १९

दवाखाना. बाईने कानात यंत्र घातलं. चमचा पडल्याचा आवाज ऐकला, तो मला नको होता. तिला म्हटलं हे डब्यात ठेव. तिने डब्यासकट घरी दिलं. वही वाचली आणि म्हणाली, यात बेसबद्दल फार आहे. म्हटलं, तो ऐकू येतो म्हणून आहे. तिने काहीतरी लिहून घेतलं.

रविवार, २४

काल शनिवार झाला.

कार्यक्रम संध्याकाळी सहाला, खाणकामगारांच्या क्लबात. पुढच्या दोन टेबलांवर आम्ही जुन्या विणकरणी, आठजणी, प्रत्येकीपुढे गरम पाण्यातली बेनेडिक्टाइन दारू. तरुण मंडळी उभी. मागे दाराशी तारिकचे वडील. तारिक यांच्या बँडचा ड्रमवाला, आणि त्याचे वडील आमच्याच गिरणीत रात्रपाळीला होते. आम्ही मागावरून उठायचो, ते उभे राहायचे. माणूस कमी बोलतो पण गिरणीत आवाज किती असतो ते त्याला माहीत आहे, त्यामुळे तो मला चालतो.

आवाज तर असा की टेबलावरचे ग्लास सरकत होते. चांगलं वाजत होतं. ॲस्टन डाव्या हाताच्या खांबाला टेकून उभे, शेजारी लाल मफलरवाला एक अनोळखी मुलगा. एवढ्या गदारोळात ॲस्टन त्याच्याशी बोलायला लागले. कानाशी लागून नाही, चांगलं तोंड समोर ठेवून, सावकाश, एकेक शब्द मोठा करून. आवाजात बोलायचं कसं हे न शिकवताही जमलं त्यांना. आठ विणकरणींच्या समोर.

म्हणाले, "ती आज शेवटचं वाजवतेय. वाजवू दे."

या वाक्यात ओठ एकदाही मिटत नाहीत. आज सकाळी आरशासमोर पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं. कुठेच नाही.

आणि लाल मफलर म्हणाला, "उद्यापासून लीड्सहून येतो."

एडाचा ग्लास ओठांपाशी थांबला. पलीकडच्या मेरिअनने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मागे पाहिलं तर तारिकच्या वडिलांनी टोपी काढून हातात घेतली होती. मी उभी राहिले आणि लॉर्नाला मीमॉ केलं, गिरणीत आग लागली की करायचो तसं, कोपरापासून हात हलवून. ती मंचावर वाजवत होती. बोटं न थांबवता तिने माझ्याकडे पाहिलं आणि ओठ हलवले:

"दिसलं, आजी. खाली बस."

मी बसले.

मग ती मागे वळली, पेटाऱ्यावरची कळ फिरवली, आणि ते तिसरं गाणं सुरू केलं, ज्याच्यावर लंडनच्या पोराने लंगडं म्हणून शिक्का मारलाय. सात, आणि आठवा गिळलेला. क्लाइव्ह गायला लागला. त्याचं तोंड उघडत मिटत होतं, एवढंच. कडवी संपली तरी लॉर्ना थांबेना. तारिकने तिच्याकडे पाहिलं, मग दाराशी बापाकडे पाहिलं, आणि तोही थांबेना. क्लाइव्हने दोनदा हात वर करून संपवायची खूण केली. तिसऱ्यांदा केली तेव्हा पुढची एक पोरगी त्याच्याकडे पाहून नाचतच हसली, मग तो खूण करायचा बंद झाला.

पाव तास झाला असेल. सगळा क्लब हलत होता. त्या आठव्या ठोक्याला, जिथे काही नसतं, तिथे सगळ्यांचा पाय हवेत थांबायचा आणि मग एकदम पडायचा. हे मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. आम्ही त्या गिळलेल्या ठोक्याला शिव्या घालायचो, कारण त्याने धागा तुटायचा.

माझी बोटं टेबलावर होती, सवयीने. लॉर्ना त्यांच्याकडेच पाहत होती. मला लाज वाटली म्हणून हात मांडीवर घेतला, तर तिने मानेने खुणावलं, ठेव परत. ठेवला. मंचावर इतकी तोंडं समोर असताना म्हातारीच्या हाताकडे काय पाहायचं, मला कळलं नाही. नजर कुठेतरी ठेवायची असेल.

सोमवार, २५

ॲस्टन आले. एकटे. दारात टोपी काढली, पायरी ओलांडून आले. क्लाइव्हपेक्षा वळण बरं.

"लॉर्ना, वाईट वाटून घेऊ नकोस," ते म्हणाले.

"बोलताना तोंड आजीकडे ठेवा," लॉर्ना म्हणाली. "ती पण ऐकणार आहे."

त्यांनी कागद टेबलावर ठेवला. थोडक्यात असं: तबकडी खपत नाही. पेपरांनी झोडपलं. कंपनी तीच गाणी पुन्हा काढणार, गिटार पुढे, बेस मागे, आणि बेस वाजवणार तो लाल मफलर. मूळ करारावर तिघांच्या सह्या आहेत, म्हणून बदलालाही तिघांच्या सह्या हव्यात. क्लाइव्हची झालेली होती, मोठी, शेपूट काढलेली.

"जुन्या तबकड्यांचं काय?" लॉर्नाने विचारलं.

"परत मागवतात. वितळवतात. त्याच मालाच्या नव्या निघतात. नेहमीचंच आहे."

"म्हणजे माझ्या तबकडीतूनच त्याची काढणार."

ॲस्टननी कागद सरळ केला, सरळच होता तरी.

"आणि सही नाही केली तर?"

"तर आम्ही हात काढून घेणार. पुढे एकही निघणार नाही, जाहिरात नाही, दौरा नाही. दुकानांत आहेत तेवढ्याच."

"पण त्या राहतील."

"राहतील. कुणी ऐकणार नाही, एवढंच."

"मी ऐकते," मी म्हटलं. "दिवसातून दोनदा."

"तुम्हाला आवडणारच, आजीबाई."

"मला क्लाइव्ह आवडत नाही आणि तो त्याच तबकडीवर आहे. तरी ऐकते. आता बोला."

लॉर्ना म्हणाली, शुक्रवारी सांगते. त्यांनी चार वाजता फोन करतो म्हटलं आणि गेले. मी तिच्यावर उखडले. आत्ताच का नाही सांगितलंस, तोंडावर? कागद चुलीत का नाही घातला?

"तारिकशी बोलायचंय," ती म्हणाली. "तबकडी त्याचीही आहे. त्याला दोन बहिणींची लग्नं करून द्यायची आहेत, दौरा गेला तर त्याचं काय?"

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

बुधवार, २७

लॉर्ना बाहेर होती. फोन वाजला, म्हणजे एडाने सांगितलं वाजतोय, ती उचलायला निघाली होती. मी तिच्या हातून घेतला. फोनला ओठ नसतात, म्हणून मला तो आवडत नाही. आणि लाइनही खराब. पण कोण असणार ते कळायला ऐकायची गरज नव्हती. दोन दिवसही धीर नाही कंपनीला. आता तर बाईला बोलायला लावलं होतं, बारीक किनरा आवाज.

मी म्हटलं, "नाही. नाही म्हणजे नाही. त्या गाण्याला हात लावायचा नाही. ते जसं आहे तसं राहील. पुन्हा फोन केलात तर मँचेस्टरला येऊन सांगेन."

ती बाई काहीतरी बोलत होती. ठेवून दिला.

एडा म्हणाली, छान बोललीस. बरं वाटलं. संध्याकाळी लॉर्नाला सांगितलं नाही. तिने शुक्रवारी 'हो' म्हटलं असतं तरी कंपनीला आता उत्तर मिळालेलं आहे, असं मनात होतं. तारिकच्या बहिणींचा विचार करून ती वाकली असती. ती तशी आहे. मी नाही.

गुरुवार, २८

दुपारी तारिक आणि लॉर्ना दोघं आले. तारिकने बूट दारात काढले. आमच्या घरात कुणी काढत नाही, तो काढतो.

"आजी, काल फोन कोणाचा आला होता?"

"कंपनीचा."

"रेडिओचा होता," तारिक म्हणाला. "मँचेस्टरची बाई आहे, संध्याकाळचा कार्यक्रम करते. शनिवारी क्लबात होती म्हणे. तिसरं गाणं वाजवायचं होतं तिला, आहे तसं, आणि लॉर्नाशी दोन शब्द बोलायचं होतं. इथे कुणीतरी सांगितलं, गाण्याला हात लावायचा नाही आणि पुन्हा फोन करायचा नाही. मग तिने माझा नंबर शोधला."

लिहायला जड जातंय, पण ही वही काय ऐकू आलं नाही त्यासाठीच दिली आहे. काय ऐकू आलं नाही: सगळं. त्या बाईचा एक शब्दही नाही. मी आपलं मागचंपुढचं लावलं आणि उत्तर दिलं.

लॉर्ना ओरडली नाही. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली, गुडघ्याला गुडघा, तोंड उजेडाकडे.

"आजी, तू कंपनी समजून काय सांगितलंस?"

"नाही म्हणून सांगितलं."

"माझ्या वतीने."

"तुझ्या भल्यासाठी."

"ॲस्टन माझ्या वतीने ठरवतात. क्लाइव्ह माझ्या वतीने ठीक म्हणतो. आता तूही."

"त्यांच्या रांगेत मला बसवू नकोस."

"तू स्वतःच जाऊन बसलीस."

तारिक स्वतःच्या मोज्यांकडे पाहत होता.

"मला नाहीच म्हणायचंय," लॉर्ना म्हणाली. "सोमवारपासून ठरलंय. तारिकचंही नाहीच आहे."

"अब्बा म्हणाले, दुसऱ्याच्या पाळीच्या नावावर आपलं कापड देऊ नकोस," तारिक म्हणाला. "लग्नांचं बघू."

"मग माझं काय चुकलं? मीही तेच म्हटलं."

"नाही म्हणायची संधी आयुष्यात किती वेळा येते, आजी? मला माझ्या तोंडाने म्हणायचं होतं. त्याला ऐकू जाईल असं."

मी म्हटलं, मग म्हण. कोण अडवतंय?

तिने माझ्याकडे पाहिलं. एडाने मधेच चहा ओतला, कुणी मागितला नव्हता.

शुक्रवार, २९

साडेतीन झाले.

सकाळी क्लाइव्ह रस्त्यात भेटला. मान वळवून गेला. पाठमोरा चालताना काहीतरी पुटपुटत होता, ते काय ते मी वाचू शकले नाही आणि वाचायची इच्छाही नव्हती. लाल मफलर त्याला मिळाला आहे, त्याने तो गळ्यात घालावा. नवा बँड, नवं नाव, नवी गाणी, जे हवं ते करावं. 'मीमॉ' राहील. आठशे की किती आहेत म्हणे साऱ्या देशात. एक माझ्या कपाटात आहे, आणि ती मागायला कंपनीतून कुणी आलं तर दार मी उघडणार आहे. दारापर्यंत माझा अधिकार आहे.

फोनचं वेगळं. आज दोन फोन यायचे आहेत. चारला ॲस्टनचा. आणि रेडिओवाली बाई पुन्हा करणार आहे, तारिकने तिला समजावलं की घरात म्हातारं माणूस आहे. तसं सांगायची गरज नव्हती, पण सांगितलं. कोणता आधी येईल माहीत नाही. एकाला नाही म्हणायचं आहे आणि दुसऱ्याला हो, आणि फोनवर कोण ते ओळखणं मला कालपर्यंत वाटत होतं तेवढं सोपं नाही.

दवाखान्यातलं यंत्र डब्यातून काढून कानात घातलंय. घड्याळ टिकटिकतं हे विसरले होते. बंद करायला सांगणार आहे त्याला. वरून पाण्याचा आवाज येतोय, म्हणजे लॉर्ना केस धुतेय. निवांत धुतेय. चांगलं आहे.

एडा टेबलाशी बसली आहे आणि फोनपासून तिची खुर्ची हातभरावर आहे, म्हणून तिला मी खिडकीशी बसायला लावलं. मी पण उठून स्वयंपाकघरात जाणार आहे, यंत्र घालून, दार लावून. हे इथे लिहितेय आणि एडाला मोठ्याने वाचूनही दाखवलंय, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की कळलं नाही: फोन वाजला तर वाजू द्यायचा. एडाने उचलायचा नाही. तारिक आला तर त्यानेही नाही. मी तर नाहीच. वाजून वाजून थकला तरी चालेल, ते पुन्हा करतील, गरज त्यांना आहे. लॉर्ना केस पुसून तिच्या वेळेने खाली येईल. कोण बोलतंय ते आधी विचारेल. मग उत्तर ती देईल, दुसरं कुणी नाही.